हातातलं तुझं, लॅपटॉपमधलं त्यांचं

आधी तो फोटो काढून टाक, मग पुढचं वाच. स्टेटसला टाकलेला, नव्या ऑफिसातला. छान दिसतेस त्यात, आईनं तो एव्हाना आलापल्लीपर्यंत सगळ्यांना दाखवला असणार. पण तुझ्या डाव्या खांद्यामागे पांढरा बोर्ड आहे. मी फोटो मोठा करून पाहिला, तर क्लायंटचं नाव, त्यांच्या नव्या अ‍ॅपचं अजून जाहीर न झालेलं नाव आणि ते बाजारात येण्याची तारीख, सगळं वाचता येतंय. मी नागपुरात बसून वाचलं. त्यांच्या प्रतिस्पर्ध्याचा माणूस हैदराबादेत बसून वाचेल.

घाबरू नको, मी रागावलेली नाही. तुला हे कुणी नीट सांगितलंच नसेल. पहिल्या दिवशी एसीच्या खोलीत बसवून स्लाइडा दाखवतात, शेवटी टिकमार्कची परीक्षा घेतात, आणि एचआरला वाटतं पोरांना गोपनीयता कळली. ज्यांचे बाप-काका याच धंद्यात आहेत त्यांना उरलेलं घरी जेवताना कळतं. आपल्या घरात या कामाला गेलेली माझ्याआधी कुणी नव्हती. म्हणून हे बोलणं.

आपल्याकडच्या अहेरी, एटापल्ली, सिरोंच्याहून पुण्याला आलेल्या बऱ्याच पोरी मी पाहिल्या. त्या दोन तऱ्हांनी चुकतात. काही जणी कौतुकापोटी सगळं सांगत सुटतात: कुठल्या बँकेचं काम, किती जणांची टीम, साहेब काय म्हणाले. आणि काही जणी करारावर सही केली म्हणजे तोंडच शिवलं असं धरून चालतात. पगार वेळेवर झाला नाही तरी गप्प, वरिष्ठ नको तसं वागला तरी गप्प. विचारलं की म्हणतात, ‘ताई, कॉन्फिडेन्शियल आहे ना.’ पहिल्या चुकीनं नोकरी जाते. दुसरीनं काय काय जातं ते मी पाहिलंय, आणि तुला मी जास्त सांभाळायला सांगेन ते दुसरीपासून.

तर गुपित कशाला म्हणायचं? तुझ्या करारातली व्याख्या वाचलीस तर वाटेल, कॅन्टीनच्या उपम्यात मीठ किती तेही गुप्त. वकील व्याख्या अशीच लिहितात, जाळं मोठं टाकलं की काहीतरी अडकतंच. पण भांडण न्यायालयात गेलं की तिथलं माप वेगळं असतं. आपल्या देशात धंद्याच्या गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. विधी आयोगानं २०२४च्या मार्चमध्ये २८९ व्या अहवालात असा कायदा करा म्हणून सुचवलं. तोवर १८७२चा करार कायदा आणि न्यायाधीशांनी वेळोवेळी दिलेले निकाल, यांच्यावरच सगळं चाललंय.

२०१०मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे बॉम्बे डाइंगचा एक खटला होता. त्यात न्यायालयानं काही प्रश्न घालून दिले. ही माहिती कंपनीबाहेर किती लोकांना ठाऊक आहे? कंपनीतसुद्धा ती सगळ्यांना आहे की मोजक्यांना? ती जपायला कंपनीनं काय केलं? ती मिळवायला किती पैसा आणि किती कष्ट गेले? प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडली तर त्याचा काय फायदा? आणि तीच माहिती दुसऱ्याला स्वतःच्या बळावर मिळवायची तर किती वेळ लागेल? हे प्रश्न पाठ कर, कराराची पानं नको.

तुला हे आपल्याकडच्या तेंदूपत्त्यावरून लगेच कळेल. ग्रामसभा लिलाव करते तेव्हा ठेकेदार बंद लिफाफ्यात दर देतो. लिफाफे फुटेपर्यंत त्या आकड्यावर त्याचा सगळा हंगाम टांगलेला असतो. आदल्या रात्री कुणी तो दुसऱ्या ठेकेदाराला सांगितला, तर तो चार पैसे वर टाकून लिलाव घेऊन जातो. लिफाफे फुटले, दर मोठ्यानं वाचला, की संध्याकाळी, पानं गोळा होतात त्या फळीवर, सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा. आता तो सांगितला म्हणून कुणी कुणावर खटला भरत नाही. आणि तेंदू मे महिन्यात तोडतात हे तर जंगलाला ठाऊक आहे, त्यावर कुणी कितीही मोठा ‘गोपनीय’चा शिक्का मारला तरी ते गुपित होत नाही. आकडा तोच, पण आज गुपित आणि उद्या बातमी. म्हणून माहितीच्या नावावर जाऊ नको, आज ती कुणाला ठाऊक नाही आणि त्यामुळे कुणाचा फायदा होतोय, ते बघ.

आता तुझ्या टेबलावर ये. सोर्स कोड गुपित, हे तुला सांगायला नको. पण तुझ्या एका तासाचे क्लायंटकडून किती डॉलर घेतात, हेही गुपितच, आणि ते एखाद्या एक्सेलमध्ये चुकून तुझ्या समोर येईलच. नव्या कामासाठी कंपनी किती किमतीची बोली लावणार आहे. पुढच्या आवृत्तीत काय येणार आहे. सर्व्हरचे पासवर्ड, चाव्या. तू टेस्टिंगमध्ये आहेस, तर तुला सापडलेली सुरक्षेतली भोकं: ती बुजेपर्यंत कॅन्टीनमध्येसुद्धा त्यांचा उल्लेख नको. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जे जमलं नाही, तेही गुपित असू शकतं. तुमच्या टीमनं चार महिने एका पद्धतीनं प्रयत्न केला, वाया गेला, सोडून दिला. तू ते बाहेर सहज बोललीस, तर समोरच्याचे चार महिने वाचले. पैसे तुमच्या कंपनीचे बुडाले आणि शहाणपण फुकटात त्यांना गेलं. म्हणून ‘आमच्याकडे ते फसलं हो’ हे वाक्य जपून.

गुपित काय नाही? जावा, पायथन, टेस्ट केस लिहायची रीत, क्लायंट चिडला तर त्याच्याशी कसं बोलायचं, वार्षिक अहवालात छापून आलेलं, कंपनीच्या वेबसाइटवर असलेलं. स्टार इंडियाच्या एका माजी अधिकाऱ्याच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं २००३मध्ये सांगितलं होतं, की नोकरीत राहून माणसाला ओघानं जे कळतं ते सगळंच काही धंद्याचं गुपित होत नाही. हा निकाल लक्षात ठेव. उद्या तू नोकरी बदलशील तेव्हा कुणीतरी डोळे वटारून म्हणेल, ‘इथे शिकलेलं तिथे वापरायचं नाही.’ शिकलेलं म्हणजे नेमकं काय, ते शांतपणे विचारायचं.

याच प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रातला एक माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. संगणकाचा काळ नव्हता तो, तंत्रज्ञान होतं टायरमध्ये घालायच्या दोऱ्याचं. कल्याणला सेंच्युरी कंपनीचा रेयॉनचा कारखाना. त्यांनी हॉलंड आणि जर्मनीच्या कंपन्यांकडून हा दोरा बनवायची विद्या विकत घेतली, आणि त्या परदेशी कंपन्यांनी अट घातली की गुपित ठेवायचं, कामगारांकडूनही तसं लिहून घ्यायचं. निरंजन शंकर गोलिकरी तिथे शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागले. १९६३मध्ये पाच वर्षांचा करार. कंपनीनं शिकवलं. दुसऱ्याच वर्षी ते रजेवर गेले आणि कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये जास्त पगारावर रुजू झाले. ती कंपनीही तोच दोरा बनवत होती. मुळात दावा लागला कल्याणच्या कोर्टात. १९६७च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं गोलिकरींचं अपील फेटाळलं.

लोक ही गोष्ट इथेच संपवतात, आणि एचआरवाले तर हमखास इथेच संपवतात. पण निकालात बंदी कशावर आली ते पाहा. करारातली पाच वर्षं संपेपर्यंत तसल्याच कामासाठी दुसरीकडे जायचं नाही, आणि कंपनीचं गुपित फोडायचं नाही. दुसऱ्या तऱ्हेचं काम करायला त्यांना मुभा होती. माणसानं उपाशी बसावं किंवा जन्मभर एकाच मालकाकडे राहावं, असं न्यायालय म्हणालं नाही. करार चालू असतानाचं बंधन वेगळं आणि करार संपल्यानंतरचं वेगळं, हा फरक त्या निकालानं पक्का केला.

आणि करार संपल्यानंतरचं? त्यासाठी करार कायद्याचं २७ वं कलम. कुणाला कायदेशीर धंदा, व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. आपला श्रीरामपूरचा झहीर खान ठाऊक आहे ना? त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्या कुणाकडे जायच्या आधी आम्हालाच विचारायचं, असं त्यात लिहिलेलं. कंपनी न्यायालयात गेली. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झहीरच्या बाजूनं निकाल दिला: मुदतीनंतर अशी अडवणूक चालणार नाही. तुझ्या करारात ‘नोकरी सोडल्यावर एक वर्ष प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही’ असं असेलच. ते वाचून झोप उडवून घेऊ नको. पण त्याच पानावर खाली ‘कंपनीची गोपनीय माहिती नेणार नाही, वापरणार नाही’ असंही असेल. ते मात्र नोकरी सोडल्यानंतरही तुझ्या मागे येतं, आणि यायलाच हवं. हातातलं कसब तुझं. लॅपटॉपमधली फाइल त्यांची. ती फाइल तू स्वतः रात्र जागून बनवलेली असली तरी त्यांचीच, कारण त्या रात्रीचा पगार त्यांनी दिला.

बहुतेक गोंधळ इथेच होतो. नोकरी सोडायच्या आठवड्यात पोरं स्वतःच्या जीमेलवर ‘माझं काम’ पाठवून ठेवतात, नमुना म्हणून. मनात काही काळं नसतं. पण मेल गेला की तिकडे नोंद होते, पेन ड्राइव्ह लावला की नोंद होते, आणि राजीनामा आला की शेवटच्या महिन्याच्या नोंदी उघडून बघण्याची पद्धत बऱ्याच कंपन्यांत आहे. बायोडाटात लिहायचं तर ‘अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या दाव्यांच्या प्रणालीचं टेस्टिंग’ एवढं पुरे. नाव नको, स्क्रीनशॉट तर नकोच. मुलाखतीत कुणी खोदून विचारलं तर सांग, ‘तेवढं मला सांगता येणार नाही.’ बरी कंपनी असेल तर या उत्तरावर तुझं वजन वाढतं. आणि तरीही खोदत राहिली तर समज, उद्या तुझ्याही फायली ती अशीच दुसऱ्याकडून काढून घेईल.

आता एक मोठं प्रकरण सांगते, कारण त्याची सुरुवात फार साधी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एपिक नावाची कंपनी आहे, दवाखान्यांची सॉफ्टवेअर बनवते. कैझर पर्मनंटे ही तिची गिऱ्हाईक, दवाखान्यांची मोठी साखळी. कैझरनं कामासाठी आपल्या टीसीएसला घेतलं. एपिकची एक वेबसाइट होती, तिथे सॉफ्टवेअरची सगळी कागदपत्रं. ती फक्त गिऱ्हाइकांना. टीसीएसच्या लोकांना काम करायला ती कागदं हवी होती आणि सगळी उघडत नव्हती. एका कर्मचाऱ्यानं आपण कैझरचेच आहोत असं दाखवून प्रवेश मिळवला आणि ते लॉगिन सहकाऱ्यांना दिलं. काम भराभर होऊ लागलं. पुढे सहा हजारांवर फायली उतरवल्या गेल्या. टीसीएसचं स्वतःचंही दवाखान्यांसाठी मेड मंत्र नावाचं सॉफ्टवेअर होतं, आणि एपिकशी त्याची तुलना करणारा एक तक्ता तयार झाला. २०१४मध्ये एपिकनं खटला भरला. २०१६मध्ये ज्यूरीनं ९४ कोटी डॉलरचा निकाल दिला. आपण काही गैर केलं नाही असं टीसीएस सांगत राहिली, अपिलं झाली, रक्कम उतरत उतरत २८ कोटी डॉलरवर आली, आणि २०२३च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिल्यावर तिथेच थांबली.

यात तुझ्या कामाचं काय आहे? ते लॉगिन. ‘माझं चालत नाहीये गं, तुझ्या आयडीनं जरा उघडून दे ना’, हे वाक्य तुला येत्या महिन्याभरात कुणीतरी म्हणेल. बहुधा तुला आवडणारी, डबा वाटून खाणारी मैत्रीण म्हणेल. नाही म्हणायला जड जातं, आपल्याला तर फारच. आपल्याकडे दाराशी आलेल्याला नाही म्हणत नाहीत. तरी नाही म्हण. ‘आपण दोघी मिळून तुझ्यासाठी परवानगीचं तिकीट टाकू’ म्हण आणि खरंच तिच्या शेजारी बसून ते टाक. दुसऱ्या बाजूनंही तेच. टीम लीडनं स्वतःचा पासवर्ड दिला आणि ‘घे, कर पटकन’ म्हणाला, तर नोंदीत त्याचं नाव राहतं, हे खरं. पण चौकशी होते तेव्हा ‘त्या वेळी त्या खुर्चीवर कोण होतं’ हे कॅमेऱ्यात दिसतं.

आणि लोकांचे पैसे, आजार, पत्ते. हे कंपनीचं गुपित नाही, हे त्या माणसांचं आहे, तुझ्यापर्यंत फक्त विश्वासानं आलेलं. पुण्यातच २००५मध्ये एका कॉल सेंटरच्या काही कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकन खातेदारांशी बोलता बोलता त्यांचे पिन काढून घेतले आणि साथीदारांच्या मदतीनं साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम पुण्यातल्या खात्यांत वळवली. एप्रिलमध्ये त्यांना अटक झाली. त्या वेळी मुली सांगायच्या, फोनवर बोलायला जाताना पेन आणि कागदसुद्धा बाहेर ठेवायला लावतात. काहून, ते यावरून समज. माहिती तंत्रज्ञान कायद्यात आता कलम ७२-अ आहे: कामाच्या करारातून हाती आलेली कुणाची वैयक्तिक माहिती, त्याचं नुकसान करायच्या किंवा स्वतःचा फायदा साधायच्या हेतूनं फोडली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. इथे नुसती नोकरी जाऊन भागत नाही. आणि एखाद्या नटाचं किंवा आपल्या ओळखीतल्या कुणाचं नाव यादीत दिसलं, म्हणून नुसतं उघडून बघणं? तेही करू नको. न सांगता नुसतं पाहिलेलंही नोंदीत दिसतं.

दसऱ्याला घरी येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन येशील, दोन दिवस तिथूनच काम करीन म्हणशील. खरी परीक्षा तिथे आहे. बल्लारशाहपर्यंत रेल्वेत लॅपटॉप उघडून बसू नको. शेजारचा झोपलेला नसतो. फोनवर कामाचं तेलुगूत बोललं म्हणजे कुणाला कळत नाही, ही समजूत तर आत्ताच सोडून दे. अहेरीत निम्म्यांना तेलुगू येतं आणि हिंजवडीत तुझ्या मजल्यावरही खूप जणांना येतं. माडिया बोलता आली असती तर गोष्ट वेगळी होती. घरी नेटवर्क जाईल, तेव्हा दुसऱ्या कुणाचं न घेता आईच्या फोनचा हॉटस्पॉट घे. आणि एखादा कागद छापायची वेळ आली, तर बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नाही. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याच्या फोनच्या गॅलरीत निम्म्या तालुक्याची आधार कार्डं पडलेली असतात. त्यात तुझ्या क्लायंटचं दरपत्रक नको.

भाचा येईलच. पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा आहे, मावशी, लॅपटॉप दे ना. दिला नाहीस तर शहरात जाऊन बदलली असं म्हणतील. तू त्याला तुझ्या फोनवरून फॉर्म भरून दे, अर्धा तास त्याच्याबरोबर बस, फी भर. लॅपटॉप देऊ नको. ‘ऑफिसचा आहे, दुसऱ्याचं बोट लागलं की त्यांना कळतं’ एवढं सांगितलं की घरचे समजून घेतात. आपल्याकडे सरकारी वस्तूचा धाक अजून आहे, तो इथे कामाला येतो.

एआयचं वेगळं सांगायला हवं, कारण ते रोजचंच झालंय. सॅमसंगच्या काही इंजिनिअरांनी २०२३मध्ये कोडमधली चूक शोधायला तो चॅटजीपीटीत टाकला. कुणी चोरी करत नव्हतं, काम लवकर आटपायचं होतं. कंपनीनं त्याच वर्षी मे महिन्यात अशा साधनांवर बंदी घातली. तुझ्या कंपनीनं जे साधन दिलंय तेच वापर, आणि दिलं नसेल तर विचार. क्लायंटचं पत्र इंग्रजीत नीट करून घ्यायचं असेल तर नावं, आकडे काढून टाक. इंग्रजीची भीती वाटते म्हणून अख्खा मेल बाहेरच्या एआयमध्ये टाकायची सवय आपल्याकडच्या पोरींना लवकर लागते. त्यापेक्षा चुकीचं इंग्रजी बरं. क्लायंटचंही काही फार धड नसतं.

शेअरचं एका वाक्यात सांगते. कंपनीला मोठं काम मिळणार आहे किंवा तिमाहीचे आकडे चांगले आहेत हे जाहीर व्हायच्या आधी तुला कळलं, आणि तू काकांना ‘घेऊन ठेवा’ म्हणालीस, तर सेबीच्या २०१५च्या नियमांखाली तूही अडकशील आणि काकाही.

आता ती दुसरी बाजू, गप्प बसण्याची, जिच्यासाठी खरं तर मी लिहायला बसले.

तुझ्यावर झालेला अन्याय हे कंपनीचं गुपित नाही. कितीही पानांच्या करारावर सही केलेली असू दे. कुणी अंगचटीला आलं, घाणेरडे मेसेज पाठवले, तर २०१३च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. त्याहून छोटं ऑफिस असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. गंमत बघ, त्या कायद्यातही गुप्ततेचं कलम आहे, सोळावं, पण त्याचं तोंड उलटीकडे आहे. तक्रार करणारीचं आणि चौकशीतल्या इतरांचं नाव बाहेर फुटू नये म्हणून ते आहे, तिनं गप्प बसावं म्हणून नाही. पोलिसांत जायचं असेल तर कुठलाही गोपनीयता करार तुला अडवू शकत नाही. कंपनीतला एखादा गुन्हा झाकायला कुणी ‘गोपनीय’ हा शब्द वापरला, तर तो शब्द तिथे टिकत नाही. विधी आयोगानंही आपल्या शिफारशीत गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठी सूट ठेवायला सांगितली आहे.

पण पुरावा गोळा करताना शहाणपणानं. तुला आलेले मेसेज, तुला आलेले मेल, तारखा, तेव्हा कोण हजर होतं, हे लिहून ठेव, स्वतःच्या वहीत, स्वतःच्या फोनमध्ये. रागाच्या भरात टीमचं अख्खं फोल्डर उचलून घरी आणलंस, तर तुझी तक्रार बाजूला राहते आणि तुझ्यावरच चोरीची चौकशी लागते. चांगल्या वकिलांना विचारलंस तरी ते हेच सांगतील: आपल्या गोष्टीपुरतंच घ्या.

पगाराचं विचारलं होतंस. करारात ‘पगार कुणाला सांगणार नाही’ असं असतं. अमेरिकेत १९३५च्या कामगार कायद्यानं बहुतेक कामगारांना आपसात पगार बोलायचा हक्क आहे. आपल्याकडे तसं सरसकट संरक्षण नाही, म्हणून ऑफिसच्या ग्रुपवर आकडा टाकू नको. पण घरी आईबाबांना, बँकेत कर्जासाठी, मला, सांगायला काही हरकत नाही. माझं मत विचारशील तर हे कलम गुपित जपायला नसतं. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाला तुझ्यापेक्षा किती जास्त मिळतात ते तुला कळू नये, म्हणून असतं. नोकरी बदलताना बाजारभाव जरूर काढ, मैत्रिणींना बाहेर चहाला नेऊन काढ.

राहता राहिला बॉन्ड. काही ठिकाणी दोन-तीन वर्षं राहा नाहीतर पैसे भरा असं लिहून घेतात. ते सरसकट बेकायदा नाही; विजया बँकेच्या एका खटल्यात २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांची नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये, अशी अट वैध धरली. तेव्हा सही करायच्या आधी आकडा बघायचा, आणि प्रशिक्षणावर कंपनी खरंच काही खर्च करणार आहे का ते विचारायचं. मूळ मार्कशीट आणि मूळ डिग्री मात्र कुणाच्याही कपाटात ठेवायला द्यायची नाही. छोट्या कंपन्या गोड बोलून मागतात, ‘पडताळणीला हवीय, नंतर देतो’ म्हणतात, आणि सोडायच्या वेळी तीच कागदं अडवून धरतात. मूळ दाखव, समोरासमोर जुळवून घे म्हण, झेरॉक्सवर सही करून ती दे, आणि मूळ त्याच पिशवीतून परत घेऊन ये. ‘इतर सगळ्यांनी दिलीय’ म्हणाले तर म्हण, ‘माझी ताई देऊ देत नाही.’ माझं नाव खुशाल घे.